मोरा बंदरातील खोळंबा आणि दोन टग

जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत धावू लागली आणि आम्हा नेरूळकरांना मोरा बंदर एकदम जवळचे झाले. खारफुटी आणि खाडीच्या काठाने जाणारा हा रेल्वेप्रवास सुखाचा आहे. उरण स्थानकावरून रिक्षाने मोरा गाठायचे आणि तेथून लाँचने भाऊचा धक्का, एवढाच माझा बेत होता. बंदरावर पोहोचल्यावर मात्र कळले की ओहोटी लागली आहे, गाळामुळे लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि पाणी चढेपर्यंत थांबावे लागेल. ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच ठाऊक असते; ती एका फळ्यावर खडूने लिहून ठेवण्याइतकीही तसदी कोणी घेत नाही, याचा मला मनापासून राग आला. डोक्यावर ऊन, बसायला पुरेशी जागा नाही, आणि लहान मुलांना घेऊन आलेल्या बायका पिशव्यांवरच टेकलेल्या.

त्या खोळंब्यातच समोरच्या पाण्यात एक प्रचंड कंटेनर जहाज आले. न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारा जलमार्ग घारापुरी आणि उरण यांच्यामधून जातो, त्यामुळे मोऱ्याहून ही जहाजे अगदी समोर दिसतात. सगळ्यांचे मोबाईल त्या जहाजाकडे वळले. जहाजाच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन ठेंगण्या टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, होत्या. त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ तेवढे टगकडेच पाहत होते. उमेदीची वर्षे त्यांनी नौदल गोदीतील टगवर खलाशी म्हणून काढली होती. "ताई, जहाज सगळेच बघतात. मागची टग बघा, दोर कसा ताणलाय," ते म्हणाले.

पुढचा सगळा वेळ मी त्यांचे ऐकत राहिले. जहाजाचा वेग कमी झाला की सुकाणूवरून वाहणारे पाणीही कमी होते, आणि मग शेकडो फूट लांबीचे जहाज सुकाणूला जुमानत नाही. बंदरात तर वेग कमी ठेवावाच लागतो, म्हणून त्याला वळवायचे, थोपवायचे आणि अलगद धक्क्याला टेकवायचे काम टगवर येते. टगचे मोल तिच्या ओढीवर ठरते आणि ही ओढ टनांत मोजतात. आपल्या नौदलासाठी अलीकडे बांधलेल्या टग २५ टन ओढीच्या आहेत. विमानवाहू नौकेपासून पाणबुडीपर्यंत सर्वांना धक्क्याला लावणे व धक्क्यावरून बाहेर काढणे, आणि गरज पडल्यास जहाजावरची आग विझवणे, ही त्यांची नेमून दिलेली कामे. "आग लागली की आम्हाला लांब जाता येत नाय, जवळच जावं लागतं," हे वाक्य काकांनी इतक्या सहजपणे उच्चारले की मला त्यावर काय बोलावे ते सुचेना.

त्यांच्या त्या वाक्याने मला अमेरिकी नौदलाच्या ‘होगा’ या टगची आठवण झाली. तिच्याविषयी मी पूर्वी वाचले होते आणि ते काकांना सांगितल्यावाचून मला राहवले नाही. सुमारे १०० फूट लांबीच्या या टगचे जलावतरण ३१ डिसेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कमधील मॉरिस हाइट्स येथे झाले. पुढच्या वर्षी ती पर्ल हार्बरला रुजू झाली आणि ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी जपानी विमानांचा हल्ला झाला तेव्हा ती तेथेच होती. पाण्यात पडलेल्या दोघांना तिने वर घेतले. जळणाऱ्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेला लागून उभे असलेले ‘व्हेस्टल’ हे दुरुस्तीजहाज तिने बाजूला ओढून काढले. आणि मग ती ‘नेवाडा’ या युद्धनौकेकडे वळली. ‘नेवाडा’ बंदराबाहेर पडण्याच्या प्रयत्नात बॉम्बनी जखमी झाली होती. ती जलमार्गात बुडाली असती तर बंदराचे तोंडच अडले असते. ‘होगा’ने तिला जलमार्गाच्या पश्चिम कडेला नेण्यास मदत केली, तिच्यावरील आगीशी झुंज दिली आणि नंतर इतर युद्धनौकांच्या आगी विझवायला गेली. हे अग्निशमन सुमारे ७२ तास चालले. पुढे अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी तिच्या खलाशांचा लेखी गौरव केला.

युद्धानंतर, १९४८ पासून, तिने कॅलिफोर्नियातील ओकलंड बंदरात अग्निशमन नौका म्हणून कित्येक दशके काम केले. १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि २०१५ पासून ती आर्कान्सा राज्यातील नॉर्थ लिटल रॉकच्या संग्रहालयात आहे. माझ्या मते तिच्या सेवेतील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ‘व्हेस्टल’ आणि ‘नेवाडा’ यांना वेळेवर जागचे हलवणे.

पाणी चढले, लाँच सुटली, आणि तासाभराच्या त्या गर्दीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. भाऊचा धक्का जवळ आला तेव्हा काकांनी बाजूच्या गोद्यांकडे बोट दाखवले. १४ एप्रिल १९४४ रोजी तेथील व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके असलेले ते जहाज अखेरपर्यंत गोदीतच राहिले. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांनी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त केली व शेकडो माणसे गेली. जळते जहाज वेळेत माणसांपासून दूर नेता येणे किंवा न येणे यातला फरक त्या पाण्यावरून जाताना मला फार तीव्रतेने जाणवला.

काकांची टग भंगारात निघाली आणि मुंबईतल्या दारुखाना या जहाजे तोडण्याच्या ठिकाणी तोडली गेली. मोठ्या नौकांच्या निवृत्तीला समारंभ होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. त्यांना आयुष्यभर धक्क्याला लावणाऱ्या टगच्या वाट्याला काही येत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. सेवेतून निघालेली नौदलाची एखादी टग बेलापूरच्या खाडीकाठी आणून ठेवावी, शाळकरी मुलांना तिच्या डेकवर चढू द्यावे, आणि तिचा इतिहास सांगायला काकांसारख्या खलाशांनाच बोलवावे, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.