७०३ मध्ये कोण राहतं?

सोसायटीचा मॅनेजर म्हणजे लिफ्ट आणि पाणी, असं लोकांना वाटतं. खरं तर माझा बराचसा वेळ कुठल्या फ्लॅटमध्ये कोण राहतं याचा हिशेब ठेवण्यात जातो. पुण्यातल्या बाणेरच्या आमच्या सोसायटीत तो हिशेब हल्ली लागत नाही.

७०३ चे मालक दुबईला. त्यांनी फ्लॅट एका मुलाला अकरा महिन्यांच्या करारावर दिलाय. करार नोंदलेला, मुद्रांक शुल्क भरलेलं, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली. इतरांना नमुना म्हणून दाखवावी अशी फाइल! फक्त तो मुलगा तिथे एक रात्रही राहिलेला नाही. तो फ्लॅट ॲपवर रोजाने देतो. दोन रात्रींसाठी आलेल्याचा लिव्ह-लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, कोण करणार? नुसती नोंदणी फीच हजार रुपये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, पण त्या कायद्यापुढे महिनोन्‌महिने राहणारा माणूस होता. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क म्हणाल, तर २००१ पासून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही. आमच्याकडे ते महिन्याला तीनशेच्या आत येतं. तो मुलगा एका रात्रीचे साडेतीन हजार घेतो.

असा फ्लॅट ओळखायला फाइल लागत नाही. शू-रॅकच्या आतल्या बाजूला कोडवाली किल्लीची डबी असते. लॉन्ड्रीवाला पांढऱ्या चादरींचं गाठोडं नेतो. नांदत्या घरात सगळ्याच चादरी पांढऱ्या नसतात. कचऱ्यात भाजीचे देठ नाहीत, नुसते पार्सलचे डबे, ओलं-सुकं एकत्र.

एका पार्टीत बाल्कनीतून बाटली पडली, खालच्या गाडीची काच फुटली आणि सभेत ठराव झाला: रोजाने येणाऱ्यांना गेटवरच अडवा. मी सेक्रेटरींना म्हटलं, उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, बदलायला दोन-तृतीयांश मतं लागतात, वर सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी. ती नसेल तर हा ठराव नोटीस बोर्डापुरताच. ते म्हणाले, "तुम्ही गेट सांभाळा."

ठरावानंतर गेटवर पहिली गाडी आली ती लातूरची. मुलगा, सून आणि वॉकर धरलेली आई. गुडघ्याचं ऑपरेशन आधीच झालेलं, डिस्चार्ज त्या दिवशी मिळालेला. टाके निघेपर्यंत पुण्यात थांबायचं, म्हणून दहा दिवसांचे पैसे आगाऊ भरलेले. मी काही बोलायच्या आत मुलाने विचारलं, "दादा, वर कमोड आहे ना? लिफ्ट चालू आहे ना?" त्याची चौकशी तेवढीच होती.

रात्रीचे साडेदहा वाजलेले. ॲपवाला मुलगा फोनवर म्हणाला, "आत घ्या सर, मी बघतो." पैसे घेतल्यापासून तो बघतोच आहे. चेअरमन म्हणाले, "ठराव म्हणजे ठराव," आणि फोन ठेवला. पोलिस चौकीतून उत्तर आलं, हा तुमचा आपसातला मामला. तेवढ्यात ७०४ च्या काकू खाली आल्या. ७०३ विरुद्ध सर्वांत जास्त तक्रारी त्यांच्याच. त्यांनी आजींना केबिनमधली खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना आत घ्या, पण ठराव मोडू नका."

मी तिघांचे आधार बघितले, नावं-नंबर लिहून घेतले आणि त्यांना वर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कमिटीने लेखी खुलासा मागितला. दिला. त्यात सुचवलं की बंदी टिकायची नाही, त्यापेक्षा येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवू. आग लागली तर वर किती माणसं आहेत एवढं तरी कळेल. सेक्रेटरींनी नकार दिला. रजिस्टर ठेवलं म्हणजे सोसायटीने परवानगी दिली असा अर्थ निघेल, असं वकिलांचं म्हणणं. वकील चुकीचं बोलत नाहीत, हीच पंचाईत आहे.

आजींचे टाके निघाले, मंडळी लातूरला गेली. ठराव बोर्डावर आहेच. या शनिवारी ७०३ मध्ये चौघं आलेत, आवाजावरून गुडघ्याचे पेशंट वाटत नाहीत. त्यांची नावं मी माझ्या मोबाइलमध्ये ठेवलीत. कमिटीला माहीत नाही.