निस्बांची नोंदवही : मर्व, हुबाशा आणि ठाणे

अभिजात अरबी ग्रंथांत विद्वानाच्या नावापुढे येणारी निस्बा, म्हणजे गाव, प्रदेश किंवा कुळ सांगणारे विशेषण, कोठून आली याची नोंदवही मी करीत आहे. तिचे काम या टप्प्यात मर्व शहरापाशी बराच काळ थांबले, आणि ते थांबणे आवश्यकच होते. मध्ययुगीन खोरासानात, म्हणजे इराणच्या ईशान्येकडील प्रदेशात, मर्व नावाची दोन ठिकाणे होती. त्यांपैकी मोठ्या मर्व अश-शाहिजानची निस्बा ‘मर्वझी’ अशी होते, तर मर्व अर-रूझची ‘मर्वर्रूझी’ किंवा आक्रसून ‘मर्रूझी’. मर्वझीमधला झ गावाच्या नावात नाही; रय्य या इराणी शहराच्या माणसाला ‘राझी’ म्हणतात, तेथेही तो असाच येतो. कास्पियन समुद्राकाठच्या तबरिस्तानचा तो तबरी आणि पॅलेस्टाइनमधील तबरियाचा तो तबरानी, हा भेद तर मला फारच मोलाचा वाटतो, कारण नावाला नुसती ‘ई’ जोडण्याच्या नेहमीच्या नियमाने दोघेही तबरीच झाले असते.

म्हणून गावाच्या नावावरून निस्बा तर्काने बनवायची नाही, ग्रंथात आढळलेले रूपच आधी लिहायचे, असा नियम मी आता कायम केला आहे.

अबू साद अस-समआनी (मृत्यू ११६६) यांचा ‘किताब अल-अन्साब’ निस्बेकडून मूळ ठिकाणाकडे नेतो, तर याकूत अल-हमवी (मृत्यू १२२९) यांचा ‘मुअजम अल-बुल्दान’ ठिकाणाकडून तेथल्या विद्वानांकडे. या दोन ग्रंथांचा संबंध मर्वमध्येच जुळतो. हिजरी ६१५ मध्ये समआनींच्या मुलाच्या बैठकीत याकूतना हुबाशा या प्राचीन अरबी बाजारपेठेविषयी विचारले गेले. त्यांनी ‘हु’ असा उच्चार सांगितला, एका हदीसपंडिताने ‘ह’ असा आग्रह धरला, आणि हा वाद मिटवील असा ग्रंथ हवा या जाणिवेतून मुअजमचा संकल्प झाला. त्यामुळेच याकूत उच्चार केवळ चिन्हांवर सोडत नाहीत, तो शब्दांत सांगतात : अक्षर ‘मुहमला’ म्हणजे बिनटिंबाचे की ‘मुअजमा’ म्हणजे टिंबाचे, त्यावर फतहा (‘अ’ स्वराचे चिन्ह) की दम्मा (‘उ’ स्वराचे चिन्ह). नकलनविसाच्या हातून टिंब गळले तरी हे वर्णन टिकते. ते मी प्रत्येक नोंदीत जसेच्या तसे उतरवून घेत आहे.

एकाच माणसाला दोन गावे असतात तेथे पंडितांचा संकेत स्पष्ट आहे. ‘अल-मिस्री सुम्मा अद-दिमश्की’ म्हणजे आधी इजिप्तचा, मग दमास्कसचा. त्यातला ‘सुम्मा’ स्थलांतराचा क्रम राखतो. गावात चार वर्षे राहिलेला मनुष्य त्या गावचा म्हणवला जावा, असे मत अब्दुल्ला इब्न अल-मुबारक यांच्या नावावर दिले जाते. हेही एक मर्वझीच.

कोकणाची पाने आता उघडली आहेत. अबुल-फिदा (मृत्यू १३३१) ठाण्याची, म्हणजे अरबी ‘ताना’ची, निस्बा ‘तानशी’ अशी देतात आणि तेथल्या कापडालाही तेच विशेषण लावतात. यानंतर चौलची, म्हणजे अरबांच्या सैमूरची, नोंद घेईन. इराणमधील आणि बसऱ्याजवळच्या सैमरा या ठिकाणांवरून होणारी ‘सैमरी’ ही निस्बा लिपीत तिच्या फार जवळ येते, तेव्हा तेथे प्रत्येक वाव (‘ऊ’ दाखवणारे अक्षर) आणि प्रत्येक टिंब पडताळूनच पुढे जावे लागेल.