लाल पेनाची रेघ

आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी मी रमाबाई रानड्यांवर भाषण लिहिलं होतं. पहिलंच वाक्य, ‘न्यायमूर्ती रानडे यांच्या सुविद्य पत्नी...’ इतिहासाच्या बाईंनी त्या वाक्यावरून लाल पेनाची रेघ ओढली. “ती स्वतः कुठली, ते आधी सांग.” मी गप्प. “अगं, आपल्या देवराष्ट्र्याची!”

देवराष्ट्रे म्हणजे आमच्या लेखी यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. शाळेची सहल सागरेश्वरला जायची तेव्हाही तेवढंच सांगायचे. १८६२ साली तिथल्या कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली, अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि यमुनाची रमा झाली, हे मला बाईंकडून कळलं.

मग बाईंनी कपाटातून ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ काढून दिलं. भांडी घासताना इंग्रजी वर्तमानपत्राचा कपटा हाती लागला, तो वाचताना सापडल्या म्हणून रमाबाईंनी घरातल्या बायकांची बोलणी खाल्ली, तो प्रसंग मी दोनदा वाचला. आमच्या घरी पुडीचा कागद वाचत बसले की आई तसंच ओरडायची. पण पुस्तकभर नवराच! त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्याला ‘स्वतः’ म्हटलेलं. मी बाईंना म्हटलं, “त्याच नवऱ्याबद्दल लिहितात, मग माझं काय चुकलं?” बाई हसल्या. “पुस्तक १९०१ ला रानडे गेले तिथं संपतं. बाई संपली का?”

ते पुढचं बाईंनी तासाला शिकवलं नाही, मधल्या सुट्टीत मला एकटीला सांगितलं. १९०९ चं पुण्याचं सेवासदन, म्हणजे बायकांना शिकवून स्वतःच्या पायावर उभी करणारी संस्था. मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं म्हणून पुण्यात बायकांनी काढलेला मोर्चा. आणि मताचा हक्क. इंग्रज सरकारच्या १९१९ च्या कायद्याने बायकांना मत द्यायचं की नाही हे प्रांतांवर सोडलं, तेव्हा मुंबई इलाख्यात त्यासाठी उभ्या राहिलेल्या बायकांत साठीला टेकलेल्या रमाबाई पुढे होत्या. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबईने तो हक्क मान्य केला. मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे आमच्या पणज्यांच्या वाट्याला काही तो आला नसणार. रमाबाई १९२४ ला गेल्या.

“आणि ‘पत्नी’ का खोडलं माहितीये?” बाई म्हणाल्या. देशाच्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच.

स्पर्धेत मी ‘सेवासदन’पाशी अडखळले ते अडखळलेच. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली. ती अजून आहे, मीठ ठेवते त्यात.

आता मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे निवडणूक ड्युटी चुकत नाही. एकदा मतदान केंद्रावर पहिल्या टेबलावर बसले होते. एक आजी आल्या. यादीत नाव वाचायचं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “हौसा.” यादीत होतं लक्ष्मीबाई. ओळखपत्रावरही तेच. पोलिंग एजंट म्हणाला, “मॅडम, त्याच आहेत त्या.”

“आजी, लक्ष्मीबाई ना?”

“ते सासरचं,” आजी म्हणाल्या. “तू इचारलंस म्हणून माझं सांगितलं.”