दोन नर गिनी पिग, एक पिंजरा: माझा अनुभव

भोपळ्या आणि तिळ्या पाच महिन्यांचे झाले आणि पिंजऱ्यातून जुना फ्रिज चालू होताना येते तशी घुरघुर ऐकू यायला लागली. घुरघुरणारा कंबर डावीकडे-उजवीकडे डोलवत, एकेक पाऊल मोजून टाकत दुसऱ्याभोवती फिरतो. मग पाठलाग, मग पाठीवर चढणं, आणि खालचा असा किंचाळतो की शेजारी दार वाजवतील. पहिल्या चार दिवसांत मी त्यांना सहा वेळा वेगळं केलं आणि सहाही वेळा चुकलो.

ही भांडणं नव्हती, दादागिरी ठरवणं चाललं होतं. नरांमध्ये ही मस्ती साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते आणि वर्ष-सव्वा वर्षापर्यंत कमी-जास्त होत राहते. वरचढ कोण हे एकदा ठरलं की घर शांत होतं, पण ठरेपर्यंत मध्ये हात घालायचा नाही. उचलून वेगळं केलं की निकाल अर्धवट राहतो आणि परत ठेवलं की पहिल्यापासून सुरुवात. खालच्याचं किंचाळणंही बहुतेकदा 'मानलं, आता सोड' एवढंच असतं. ते ऐकून पोटात कालवतं, पण अंगावर खरचटलेलंही नसतं.

मग थांबवायचं कधी? घुरघुर, चढणं, हनुवटी उंचावून नाकाला नाक भिडवणं, बूड जमिनीवर घासत वास सोडणं, अन्नावरून हुसकावणं, तोंडात दोन-चार केस येतील इतपत चिमटा हे सगळं चालू द्यायचं. दात कडकड वाजायला लागले, मानेवरचे केस ताठ उभे राहिले किंवा तोंड उघडून पुढचे दात दाखवणारी ती लांबलचक जांभई आली, की जवळ जाऊन बसायचं. ती जांभई झोपेची नसते. दोघंही कडकडत असतील तर जास्त काळजी. एकच कडकडतोय आणि दुसरा मान खाली घालून सरकतोय, तर विषय तिथेच मिटतो. उलट्या बाजूने, म्हणजे तोंडाकडून चढायला लागला तर मात्र लगेच हटवायचं, कारण खालच्याने घाबरून चावा घेतला तर नाजूक जागी जखम होते. दोघं समोरासमोर येऊन डोकी उंच करून ताठ उभे राहिले की पुढची पायरी झेप. त्यानंतर दोघांचा मिळून एक फिरणारा गोळा होतो, तोंडं एकमेकांच्या अंगात रुतलेली. ही खरी मारामारी, आणि ती काही सेकंदांतच जखम करते.

त्या गोळ्यात हात कधीही घालायचा नाही. त्या क्षणी ते माणूस ओळखत नाहीत, आणि पुढचे दात बोटात आरपार जातात. पिंजऱ्याजवळ कायम दोन वस्तू ठेवाव्यात: जाड टर्किश टॉवेल आणि केराची प्लास्टिकची सुपली. टॉवेल दोघांवर टाकायचा, अंधार झाल्यावर पकड सैल होते. मग सुपली मध्ये सरकवायची आणि एकाला टॉवेलसकट उचलायचं. पाणी फवारू नये. ओले, घाबरलेले आणि तरीही चिडलेले असे दोन नर हातात येतात.

आमच्या बाबतीत मूळ दुखणं जागेचं होतं. दुकानात मिळणारा दोन फूट लांबीचा तारेचा पिंजरा दोन नरांना अजिबात पुरत नाही. हरणाऱ्याला पळून नजरेआड होता आलं पाहिजे. तशी सोय नसेल तर तो एक दिवस उलटून चावतो. मी ३५ सेंटिमीटरच्या चौकोनी जाळ्यांचा पिंजरा बांधला: लांबीला पाच, रुंदीला दोन. म्हणजे १७५ बाय ७० सेंटिमीटर, सुमारे १३ चौरस फूट. कडेला १४ जाळ्या लागल्या, मधल्या आडोशासाठी दोन राखीव. तळाला सनपॅक, म्हणजे बोर्ड-बॅनरवाले वापरतात ती पोकळ प्लास्टिक शीट. आठ बाय चार फुटांची एक शीट पुरते. २०५ बाय १०० चा तुकडा कापायचा, चारही बाजूंनी १५ सेंटिमीटरवर कटरने फक्त वरचा थर कापायचा आणि कडा उभ्या दुमडायच्या. कोपऱ्यांत चीर देऊन रुंद चिकटपट्टी. जाळ्या एकमेकींना बांधायच्या झिप टायची (प्लास्टिकच्या दातेरी पट्ट्यांची) कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला ठेवावीत, आत राहिली तर डोळ्याला लागतात. माडी बांधून जागा वाढल्याचं समाधान माणसाला मिळतं, पण भांडण जमिनीवरच होतं आणि पळायला लांबीच लागते.

आत सगळं जोडीने, आणि दोन टोकांना. पाण्याच्या दोन बाटल्या, गवताचे दोन ढीग, दोन वाट्या. एक वाटी मध्ये ठेवली की वरचढ तिच्यावर पहारा देतो. लपायची घरं तीन, आणि प्रत्येकाला दोन दारं. एकाच दाराचं घर म्हणजे सापळा: आत शिरलेल्याला बाहेर पडता येत नाही, बाहेरचा दारात उभा, आणि तिथेच चावाचावी. पुठ्ठ्याच्या खोक्याला मागून दुसरं भोक पाडलं की काम झालं. एक घर कायम जास्त ठेवायचं, कारण ज्या घरात एक बसेल तेच दुसऱ्याला हवं असतं. मे महिन्यात गारव्यासाठी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवतो, तीही दोन. खोलीचा पारा २६ अंशांच्या वर गेला की हे प्राणी अस्वस्थ होतात आणि तिशीपलीकडे उष्माघाताची भीती असते. तेव्हा एका बाटलीवरून रांग लावणं परवडत नाही.

भाजीही वाटीत न देता पसरून देतो. माणसासारखंच यांच्याही शरीरात जीवनसत्त्व क तयार होत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम पोटात जावं लागतं, म्हणून ढोबळी मिरची रोज, जोडीला कोथिंबीर. खालचा नर भाजीपासून हुसकावला जात असेल तर त्याचीच कमतरता होते, आणि ते भांडणाइतकं पटकन दिसत नाही. गवताच्या बाबतीत लसूणघासाचा मोह टाळला. स्वस्त आणि ताजी मिळते, पण तिच्यात कॅल्शियम जास्त असल्याने मोठ्या नरांना मुतखड्यांचा त्रास होऊ शकतो.

साफसफाईची गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. दर रविवारी पिंजरा लख्ख केला की रविवारी संध्याकाळीच जुंपायची. एवढ्या कष्टाने लावलेल्या वासाच्या खुणा मी पुसून टाकत होतो, म्हणजे सात-बारा कोरा, मोजणी पुन्हा. आता फ्लीसचे, म्हणजे तळाला अंथरलेल्या मऊ कापडाचे, अर्धे तुकडे आज धुतो, उरलेले तीन दिवसांनी. ओला कोपरा रोज पुसतो, पण एक वापरलेलं फडकं आणि मूठभर जुनं गवत आतच राहतं. रविवारची भांडणं त्याच महिन्यात थांबली.

मादीचा वासही असाच. जंगलात यांचे भाईबंद एक नर आणि काही माद्या अशा गटात राहतात. दोन नरांचा संसार आपण जमवलेला असतो, आणि मादीचा वास आला की तो मोडतो. दुसऱ्याकडची मादी हाताळून आलात तर हात धुवा, सदरा बदला, मगच यांना उचला. दुकानातून 'दोन्ही नर' म्हणून आणलेल्या जोडीचं लिंगही डॉक्टरांकडून तपासून घ्या. चूक झालेली असेल तर भांडण होत नाही, पिल्लं होतात. आणि तिसरा नर आणून दोघांचं भांडण मिटत नसतं. तिघांत एक जण कायम बाहेर पडतो.

नसबंदी केल्याने दोन नरांचं आपसातलं वागणं फारसं बदलत नाही. भुलीचा धोका मात्र पत्करावा लागतो. नराला मादीसोबत ठेवायचं असेल तर तिचा उपयोग आहे, तेही शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे थांबून. त्यामुळे तो विचार मी सोडून दिला.

एवढं सगळं करून चार महिने बरे गेले. भोपळ्या वरचढ, तिळ्या निवांत. नवव्या महिन्यात तिळ्याने अचानक डोकं वर काढलं. मी त्याच्यावरच चिडलो, पण उत्तर वजनाच्या वहीत होतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला दोघांचं वजन घेतो. भोपळ्या १०४० ग्रॅमवरून दोन आठवड्यांत ९७५ वर आला होता. ५० ग्रॅमची घट म्हणजे नीट लक्ष द्या, १०० ग्रॅमची म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, हा माझा नियम. मी शंभरची वाट पाहत बसलो आणि त्या रात्री मारामारी झाली. तिळ्याच्या ओठाला ओरखडा, भोपळ्याच्या बुडावर अर्ध्या सेंटिमीटरची भोसक. वरचढ नर आजारी पडला की खालच्याला ते आपल्या आधी कळतं. शांत जोडी एकाएकी भांडायला लागली तर आधी वरचढाची तब्येत तपासा.

जखम शोधायला केस उलटे फिरवून पाहावे लागतात: बूड, कानामागे, ओठ, जांघ. रक्त थांबेपर्यंत स्वच्छ गॉजने दाबायचं, मग औषधाच्या दुकानातल्या नॉर्मल सलाईनने धुवायचं. डेटॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नको. वरून भरलेल्या भोसकेखाली पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत गळू होऊ शकतं, म्हणून रोज बोट फिरवून गाठ लागते का पाहायचं. आणि घरात उरलेली अ‍ॅमॉक्सिसिलीनची गोळी चुरून द्यायचा विचारही करू नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडाने दिली की यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जनावर दगावू शकतं. ससे-गिनी पिग पाहणारे डॉक्टर शोधून ठेवायचं काम भांडण होण्याआधीच करावं, कारण कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच दवाखान्यांत हे ठाऊक असेल असं नाही.

भोपळ्याच्या एक्स-रेमध्ये खडा नव्हता, मूत्राशयाचा दाह निघाला. त्याच वेळी लघवी करताना भोपळ्या बारीक कण्हतो हेही लक्षात आलं. औषध दहा दिवस. दवाखान्यात दोघांनाही एकाच पेटीत, मध्ये पुठ्ठा लावून नेलं. एकाच्याच अंगाला दवाखान्याचा वास आला तर परतल्यावर तो परका ठरतो.

घरी पिंजऱ्यात मध्ये जाळी. आडोसा दोन पदरी, मध्ये बोटभर अंतर, नाहीतर जाळीतून ओठ फाडतात. ७० बाय ७० चा भाग काही दिवसांपुरताच ठीक. म्हणून लांबीला दोन जाळ्या वाढवल्या. पूर्ण वेगळ्या खोलीत ठेवायचं मात्र टाळलं. दिसणं, वास, आवाज चालू राहिला पाहिजे, नाहीतर ओळखच विसरते आणि एकटेपणाने खाणं मंदावतं. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनी पिग पाळणं नियमात बसत नाही, ते उगाच नाही.

दोघांनी गोळा होऊन रक्त काढलं असेल तर पुन्हा एकत्र आणू नये, हा सर्वसाधारण सल्ला योग्यच आहे. मी एक प्रयत्न केला तो एवढ्यासाठीच की कारण सापडलं होतं आणि दूर झालं होतं. जखमा पूर्ण भरल्या, भोपळ्याचं वजन १०२० वर आलं, तेव्हा सतराव्या दिवशी.

जागा दोघांनाही अनोळखी हवी. स्वयंपाकघरात जाड चादर अंथरून सहा बाय पाच फुटांचं कुंपण केलं. मध्ये गवताचा मोठा ढीग, भाजी विखुरलेली, एकही घर नाही, कोपऱ्यात अडकायला काही नाही. हाताशी टॉवेल आणि सुपली. काही जण दोघांना एकत्र आंघोळ घालतात. त्याने ते भेदरून गप्प बसतात एवढंच, अंग वाळलं की पहिले पाढे पंचावन्न. पहिली वीस मिनिटं घुरघुर आणि पाठलाग. चाळिसाव्या मिनिटाला दोघांचे दात वाजले, मी मध्ये पुठ्ठा धरला, काही सेकंदांत दोघं गवताकडे वळले. तिथे उचललं असतं तर सगळं वाया गेलं असतं. सव्वा तासाने एकाच ढिगातून खाणं, तीन तासांनी तिळ्या पाय पसरून आडवा. मधल्या वेळेत पिंजरा मात्र पूर्ण धुतला, घरांच्या जागा बदलल्या, म्हणजे कोणाचाच दावा शिल्लक नको. नेहमीच्या साफसफाईच्या नेमकं उलट. चार तासांनी दोघांना एकदमच आत सोडलं, आणि रात्री वेगळं केलं नाही. बिछाना त्याच खोलीत टाकून झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो.

पुढचे दोन आठवडे घुरघुर रोजची होती, दात एकदाच वाजले. या वेळी वरचढ तिळ्या झाला आणि भोपळ्याने ते मान्य केलं. मला आवडलं नाही, पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं. आडोशाच्या जाळ्या कपाटामागे ठेवल्यात, झिप टाय आधीच ओवून. या रविवारी भोपळ्या १०६०, तिळ्या ९९०.