इंजिन नसलेल्या विमानात कशाला?

"मॅडम, तुम्ही अल्गोरिदम शिकवता, मग सुट्टीच्या दिवशी इंजिन नसलेल्या विमानात कशाला बसता?" दर सेमिस्टरला कुणीतरी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

माझं संशोधन 'ऑनलाइन अल्गोरिदम'वर आहे. इथे ऑनलाइनचा इंटरनेटशी संबंध नाही. पुढे काय येणार ते कळायच्या आत, हातात आहे तेवढ्यावर निर्णय घ्यायचा, असा त्याचा अर्थ. वर्गात मी सायकलचं उदाहरण घेते. भाडं रोज 50 रुपये, विकत घेतली तर 5000. गावात किती दिवस मुक्काम, ते ठाऊक नाही. मग 99 दिवस भाडं भरा आणि शंभराव्या दिवशी विकत घ्या. मुक्काम कितीही लांबो, ज्याला तो आधीच माहीत होता त्याच्या दुपटीहून जास्त खर्च तुम्हाला येत नाही. फळ्यावर हे सिद्ध झालं की वर्ग क्षणभर गप्प होतो. मला तो क्षण फार आवडतो.

ग्लायडिंग, म्हणजे असं बिनइंजिनाचं विमान उडवणं, मी हडपसरला शिकले. जमिनीवरच्या विंचची, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राची, तार ग्लायडरला ओढत नेते, हजारेक फुटांवर ती सोडायची, आणि मग उरतो फक्त वाऱ्याचा आवाज. कॅनॉपीवर, म्हणजे वैमानिकासमोरच्या पारदर्शक झाकणावर, बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत असेल तर विमान सरळ चाललंय, तिरपा झाला तर शेपटीचं सुकाणू फिरवणारा पाय चुकतोय. लाखोंच्या विमानात इतकं खरं बोलणारं दुसरं उपकरण मी पाहिलेलं नाही.

तार सुटली की उंची सतत खर्च होत असते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, सापडली तर ती परत मिळते. थर्मल डोळ्यांना दिसत नाही. एक पंख हलकेच उचलला जातो, खुर्ची खालून ढकलते, त्या बाजूला वळायचं. ग्लायडिंगमधला 1956 चा जगज्जेता पॉल मॅकक्रेडी याचा नियम सांगतो, की दोन थर्मलच्या मधल्या अंतरात किती वेगाने जायचं ते पुढचं थर्मल किती जोराचं मिळेल या अंदाजावर ठरवा. न दिसलेल्या थर्मलवर! हा माझाच विषय आहे, फक्त इथे उत्तर चुकलं तर शेतात उतरावं लागतं.

2018 साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. एक छोटं ग्लायडर उडता उडता, अनुभवातून थर्मलमध्ये घिरट्या घालायला शिकलं होतं. त्याला आधार होता तो हवेच्या उभ्या झटक्यांचा आणि दोन पंखांवरच्या जोरातल्या फरकाचा. म्हणजे आमच्या खुर्चीला जे कळतं, तेच. तेव्हापासून माझे दोन विद्यार्थी त्याच वाटेवर काम करताहेत.

मागच्या एप्रिलमध्ये एका थर्मलमध्ये माझ्या जरा वर एक घार होती. आम्ही एकाच दिशेने घिरट्या घेत होतो, वर-खाली जाण्याचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा सेकंदाला दोन मीटर चढ दाखवत होता. अचानक ती पंख आखडून उत्तरेला निघून गेली. मी थांबले. दुसऱ्या घिरटीला काटा शून्यावर आला.

सोमवारी वर्गात मी फळ्यावर एवढंच लिहिलं : घारीने निघायचं कधी ठरवलं?