‘निरीक्षणासाठी दाखल’ या दोन शब्दांची किंमत

भावाला मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत पुण्यात दाखल करताना आम्ही सगळीकडे एकच विचारलं: खोलीचं भाडं किती? प्रश्नच अपुरा होता. भाड्यात डॉक्टरांची फेरी, नर्सिंग धरलंय का? ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देण्याचा उपचार, लागली तर? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. म्हणजे दर वेळी भूलतज्ज्ञाचा खर्च आलाच. जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात बहुधा घरच्या माणसाला चोवीस तास थांबावं लागतं, आणि त्याचा बुडालेला रोजगार कुठल्याच बिलात दिसत नाही. परवडत नसेल तर सरकारी ससून रुग्णालय आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच.

त्याच कायद्याचं कलम २१(४) सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळायला हवा. तरी कॅशलेस अडलं. अर्जात कारण होतं ‘निरीक्षणासाठी दाखल’. निव्वळ तपासणीसाठीचा प्रवेश पॉलिसीत वगळलेला असतो, आणि टीपीएने, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, तेवढंच वाचलं. मग केस पेपरातलीच माहिती डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घेतली: चार रात्री झोप नाही, खाणं बंद, जिवाला धोका, कोणती इंजेक्शनं चालू आहेत, घरी उपचार का शक्य नाहीत. मंजुरी आली. दारूचा उल्लेख असेल तर जास्त जपा. व्यसनाचे उपचार सहसा वगळलेले असतात, त्यामुळे मूळ आजार वेगळा असल्यास तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. खोटं मात्र लिहून घेऊ नका. विमावाले डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या मागतातच.

भाड्याची मर्यादाही बघा. विमा ३ लाखांचा आणि मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. ४,००० ची खोली घेतलीत तर नुसते हजार जात नाहीत. डॉक्टरांच्या फीसारख्या खर्चांतूनही त्याच प्रमाणात, म्हणजे चौथा हिस्सा, कापतात. पुनर्वसन केंद्र स्वस्त वाटतं, पण विम्याच्या व्याख्येत ते सहसा रुग्णालय ठरत नाही.

२०२४ च्या नियमाप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत मिळायला हवी. त्यापुढचा रुग्णालयाचा वाढीव खर्च विमा कंपनीवर. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही.