मागून मिठी मारणारा

"मावशी, हा मागचा कोण?" भाचीने मोबाईलवरचं चित्र मोठं करत विचारलं. तेव्हापासून तो माणूस डोक्यातून जात नाहीये.

जुनं जपानी चित्र, लाकडी ठशांनी छापलेलं. चुशिंगुरा नाटकाचा तिसरा अंक. एक सामुराई तलवार उपसून वयस्कर दरबाऱ्यावर धावलाय, आणि तिसऱ्याने त्याला मागून घट्ट मिठी मारून धरलंय.

प्रसंग मुळात खरा. 1701 साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यात आसानो नावाच्या सरदाराने किरा या दरबाऱ्यावर वार केले, काजिकावा नावाच्या अधिकाऱ्याने त्याला आवरलं. किरा जखमी झाला, पण वाचला. किल्ल्यात शस्त्र उपसल्याबद्दल आसानोला त्याच दिवशी पोट चिरून मरावं लागलं. किराला काहीही शिक्षा नाही! पुढे आसानोच्या 47 रोनिनांनी, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंनी, किरावर घेतलेला सूड जगाला माहीत आहे.

1748 च्या नाटकात नावं बदलली, काळ चौदाव्या शतकात नेला. खऱ्या घटना रंगमंचावर आणायला बंदी होती ना. तिथे अडवणारा आहे होंझो. त्याचा हिशोब साधा होता: समोरचा मेला नाही, तर याचाही जीव वाचेल. तसं झालं नाही. उलट शत्रू निसटला याचं शल्य घेऊन तो सामुराई मेला. नवव्या अंकात होंझो मुद्दाम भाला अंगावर घेतो, आणि हे सगळं मरताना सांगतो.

मला तिघांत जवळचा वाटतो तो होंझोच. भांडण सोडवायला गेलेल्या माणसाने एवढं ओझं का वाहावं? तुम्हाला काय वाटतं?